छापलेल्या दातांवर चहा-कॉफीचे डाग : माझ्या थिसिसचा अनुभव

तात्पुरते क्राउन (दातावर बसवायच्या टोप्या) ज्यापासून छापतात, त्या रेझिनच्या म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकच्या चकत्या थ्रीडी प्रिंटरवर छापून वेगवेगळ्या पेयांत ठेवायच्या आणि त्यांचा रंग व खडबडीतपणा किती बदलतो ते मोजायचं, हा माझा पदव्युत्तर थिसिस. असा विषय घेणाऱ्यांना पहिली गोष्ट सांगते: चकती कॉफीत पडण्याआधीच निम्मा निकाल लागलेला असतो.

माझ्या चकत्या 10 मिलिमीटर व्यासाच्या आणि 2 मिलिमीटर जाडीच्या होत्या. 50 मायक्रॉनचा एकेक थर 405 नॅनोमीटरच्या प्रकाशाने घट्ट होत जातो. प्रिंटरमधून निघालेली चकती मात्र अर्धकच्चीच असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन वरचं ओलं रेझिन काढायचं, मग क्युरिंगच्या पेटीत पुन्हा प्रकाश द्यायचा. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागाला नीट घट्ट होऊ देत नाही, म्हणून काही रेझिनसाठी हे काम ग्लिसरीनमध्ये बुडवून करतात. इथे घाई झाली तर न जोडलेला मोनोमर, म्हणजे रेझिनचे सुटे रेणू, आत राहतो. तो पुढे पाझरून बाहेर येतो आणि पाणी, रंगद्रव्यं आत शिरायला वाट मिळते.

पॉलिशिंगने माझा सगळ्यात जास्त वेळ घेतला. पाण्याखाली खरखरीत कागदापासून बारीक कागदापर्यंत, प्रत्येक चकतीवर सारखाच वेळ, आणि हात एकाच माणसाचा. खडबडीतपणाचा सरासरी आकडा 0.2 मायक्रॉनच्या वर गेला की जिवाणूंचा थर जास्त साठतो, असं दंतशास्त्रात मानतात. खडबडीतपणा मोजणाऱ्या प्रोफायलोमीटरची सुई चकतीवरून फिरताना तो आकडा खाली आलेला दिसला की हायसं वाटायचं.

मग 37 अंश तापमानाच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये 24 तास ठेवून पहिलं रीडिंग घेतलं. रंग मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर वापरताना मागची पार्श्वभूमी दर वेळी तीच हवी, कारण पातळ चकतीतून मागचा रंग डोकावतो. रंगातला फरक डेल्टा ई या आकड्यात येतो. सीआयईडीई2000 या सूत्राने तो 0.8 झाला की साधारण निम्म्या लोकांना फरक जाणवतो, 1.8 च्या पुढे गेला की निम्म्यांना तो खटकतो.

पेयं होती कॉफी, चहा आणि कोला, शिवाय तुलनेसाठी साधं पाणी. कॉफीत 24 तास ठेवणं म्हणजे साधारण महिनाभर कॉफी पिणं, असा हिशोब या विषयातले बरेच अभ्यासक धरतात. द्रावण रोज ताजं करावं लागतं, नाहीतर तळाशी गाळ बसतो आणि बुरशी धरते.

सगळ्यात जास्त रंग कॉफीने चढवला. कोलाचा सामू 2.5 च्या आसपास, म्हणजे आम्ल भरपूर, तरी त्याचा डाग कॉफीपेक्षा बराच फिका. आम्ल पृष्ठभाग मऊ करू शकतं, पण डाग पडायला रेझिनमध्ये मुरणारी रंगद्रव्यं लागतात, आणि कॉफीतली पिवळी रंगद्रव्यं आतपर्यंत मुरतात. चहाचा रंग जास्त करून वरवर बसतो, त्यामुळे ब्रशने त्यातला बराच निघाला. पाण्यातल्या चकत्याही किंचित बदलल्या. हा गट ठेवला नसता तर तेवढा बदल मी पेयांच्याच माथी मारला असता.

छापलेल्यांपेक्षा मिलिंग करून, म्हणजे ठोकळ्यातून यंत्राने कापलेल्या पीएमएमएच्या (एक ॲक्रिलिक प्लॅस्टिक) चकत्या जास्त टिकल्या. त्यांचा ठोकळा कारखान्यातच उष्णता आणि दाब देऊन पक्का झालेला असतो, त्यामुळे सुटा मोनोमर कमी. पण मला जास्त महत्त्वाचा वाटला तो छापलेल्या चकत्यांमधला आपसातला फरक: पॉलिश न केलेल्या पॉलिश केलेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त काळवंडल्या.

व्हायव्हात परीक्षकांनी विचारलं, तोंडात लाळ असते, घासणं असतं, तिथे हे आकडे लागू पडतील का? जसेच्या तसे नाही, असंच उत्तर दिलं. पेयांचा आणि पॉलिशचा क्रम तिथेही असाच राहील असं मला वाटतं, आणि छापलेला तात्पुरता क्राउन बसवण्याआधी मी आता पॉलिशला पूर्ण वेळ देते.