पॅनेलवर ८५०, खोलीत १९८०

पुण्याजवळच्या एका बटन मशरूम युनिटमधली ही केस. तक्रार अशी की देठ लांब, टोपी बारीक आणि माल भरायच्या आतच छत्री उघडते. स्पॉन (मशरूमचं बियाणं) बदलून झालं होतं, केसिंगची, म्हणजे कंपोस्टवरच्या थराची, माती बदलून झाली होती. तापमान १७ अंश, आर्द्रता ८८ टक्के, दोन्ही जागेवर. "कार्बन डायऑक्साइड तर साडेआठशेच आहे, साहेब," असं सुपरवायझर म्हणाले, आणि पॅनेलवर खरोखरच ८५० दिसत होतं. मात्र त्याच कंपोस्टवर, त्याच स्पॉनवर शेजारच्या खोलीतलं पीक चांगलं भरलेलं होतं. फरक एकच होता. या खोलीतला सेन्सर मधे बंद पडला म्हणून त्या जागी नवा स्पेअर बसवलेला होता.

पिनहेड, म्हणजे मशरूमचे इवलेसे अंकुर, धरताना कार्बन डायऑक्साइड १००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत हजार भाग) आत लागतो. तो वाढला की देठ ताणतो आणि टोपी खुरटते. मशरूमचा आकार आणि पॅनेलचा आकडा जुळत नसतील तर मी आकड्यावर संशय घेतो. त्या सकाळीच ठरावीक प्रमाणाच्या गॅसच्या सिलिंडरवर ताडून घेतलेलं हातातलं मीटर रॅकच्या मधल्या फळीशी धरलं, तर १९८०.

खोलीतला सेन्सर लांब वायरवर बाहेर मोकळ्या हवेत नेला. तिथे तो ४०० वर जाऊन थांबला. बाहेरच्या हवेत साधारण तेवढंच असतं, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की सेन्सर चांगला आहे. इथेच बरेच जण फसतात. काही सेन्सर मोड्यूलचं सॉफ्टवेअर ४०० च्या खाली आकडा दाखवतच नाही. आत हिशेब उणे आला तरी बाहेर ४०० च. म्हणून सेन्सरच्या तोंडावर नळीची टोपी बसवून सिलिंडरमधला १००० पीपीएमचा गॅस मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने पाच मिनिटं सोडला. आकडा हलला नाही, ४०० च राहिला. आता दुखणं कळलं: सेन्सर खूपच कमी दाखवत होता.

या सेन्सरचं तत्त्व सरळ आहे. कार्बन डायऑक्साइडचा रेणू ४.२६ मायक्रॉन तरंगलांबीचा इन्फ्रारेड प्रकाश शोषतो. नळीच्या एका टोकाला छोटा दिवा, दुसऱ्या टोकाला फक्त तेवढीच तरंगलांबी सोडणारा फिल्टर आणि त्यामागे डिटेक्टर. प्रकाश जितका कमी पोचेल तितका गॅस जास्त. पण दिवा जुना झाला, नळीत धूळ बसली, तरीही प्रकाश कमीच पोचतो, आणि एकाच चॅनेलच्या, म्हणजे एकच तरंगलांबी मोजणाऱ्या, सेन्सरला हा फरक कळत नाही. महाग सेन्सरमध्ये ३.९ मायक्रॉनच्या आसपास दुसरं चॅनेल असतं. तिथे हा गॅस शोषत नाही, त्यामुळे दोन्हींचं गुणोत्तर घेतलं की दिव्याचं म्हातारपण वजा होतं. स्वस्त मोड्यूलमध्ये त्याऐवजी ऑटो-कॅलिब्रेशन असतं: ठराविक काळात, कुठे २४ तास तर कुठे आठवडाभर, जो सर्वांत कमी आकडा आला तो म्हणजे ताजी हवा, म्हणजेच ४००, असं ते गृहीत धरतं.

ऑफिसात हे चालतं. रात्री माणसं घरी जातात, हवा खरोखरच त्या पातळीला येते. मशरूमची खोली कधीच रिकामी होत नाही. कंपोस्ट चोवीस तास श्वास घेतं. त्यात ताजी हवा आणणारा पंखा ९०० ला सुरू आणि ७५० ला बंद असा लावलेला. म्हणजे सर्वांत कमी आकडा ७५० च्याच आसपास येणार, आणि मोड्यूल त्याला हळूहळू ४०० कडे ओढणार. आकडा खाली आला की पंखा उशिरा सुरू होतो, खोलीतला गॅस वाढतो, आणि पुढच्या फेरीत मोड्यूल त्या वाढलेल्या पातळीलाही ४०० म्हणायला लागतं. चूक स्वतःलाच खतपाणी घालते, आणि पॅनेलवर मात्र सगळं आलबेल.

आम्ही सिरियल लाइनवरून कमांड देऊन ऑटो-कॅलिब्रेशन बंद केलं. मग सेन्सर बाहेर सावलीत, जनरेटर आणि रस्त्यापासून लांब, वीस मिनिटं ठेवून हाताने कॅलिब्रेट केला. त्या वेळी जवळ कुणाला उभं राहू दिलं नाही. माणसाच्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो. कुणी वाकून पाहिलं तरी सगळं बिघडतं. त्यानंतर पॉवर बंद-चालू करून सेटिंग टिकतंय का तेही पाहिलं, कारण काही मोड्यूल लाइट गेली की पुन्हा मूळ सेटिंगवर जातात. शेवटी १००० च्या सिलिंडरवर ९४० आलं. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब कमी, तेवढ्याच नळीत रेणूही कमी. दाबाची दुरुस्ती नसलेला सेन्सर इथे सहा-सात टक्के कमी दाखवणारच. म्हणून पंखा ८५० ला सुरू होईल असा लावला.

सेन्सर खोलीत परत जाताच पंखा जोरात लागला आणि बराच वेळ थांबलाच नाही. ताणलेले देठ काही आखूड होत नाहीत. तो फ्लश (एका वेळी येणारं पीक) कमी भावातच गेला, फायदा पुढच्या फ्लशपासून.

जुना सेन्सर उघडून पाहिला. पाण्याचा फवारा मारणाऱ्या नोझलखाली टांगलेला, नळीच्या सोनेरी मुलाम्यावर पाण्याचे डाग. नवा तिथून हलवून मधल्या फळीच्या उंचीवर लावला आणि तोंडाला पाणी अडवणारा पांढरा पडदा बसवला. सिलिंडर परवडत नसेल तर बंद डब्यात सोडा लाइम घालून सेन्सर ठेवावा: सगळा कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि आकडा शून्याकडे जायला हवा. आकडा ४०० वरच अडला तर त्या मोड्यूलवर ही परीक्षा चालत नाही. तिथे सिलिंडरच लागतो.