यादीतलं सातवं शेड

जानेवारी २०२०. सकाळी साडेनऊला महापालिकेचे कनिष्ठ अभियंता घरी आले. चहा पुढे ठेवला तर कपाला हात लावेनात. "ताई, उद्या ओढ्याकाठच्या अतिक्रमणांवर कारवाई आहे. यादीत सातव्या नंबरचं शेड तुमच्या दिरांचं..." पुढचं माझ्यावर सोडून ते गप्प बसले.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घराघरांत शिरला. कात्रजकडून आलेलं पाणी दाटीवाटीच्या पात्रात मावेना. सीमाभिंती पडल्या, पुणे परिसरात वीसच्या वर माणसं गेली. पात्र मोकळं करा म्हणून महापालिकेच्या मुख्य सभेत नगरसेविका म्हणून मीच घसा फोडला होता. तेव्हा ते शेड आठवलंच नव्हतं असं मी म्हटलं, तर खोटं होईल.

शेड म्हणजे भावजींच्या मंडप-डेकोरेटर्सचं गोडाऊन. २०१७ ला आमच्या प्रभागातली जागा महिला राखीव निघाली म्हणून मी उभी राहिले, आणि प्रचाराच्या सगळ्या खुर्च्या, सतरंज्या तिथूनच आल्या. एक पैसा घेतला नव्हता त्यांनी. फ्लेक्सवर त्यांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा होता, ते सोडा.

यजमानांनी कायदा वाचून ठेवलेला. नगरसेवकानं, जोडीदारानं किंवा अवलंबून असलेल्यानं बेकायदा बांधकाम केलं तर पद जातं. "दादा काही तुझ्यावर अवलंबून नाही. तुझ्या पदाला धक्का नाही, मग राहू दे की." धक्का असता तर बरं झालं असतं. पद वाचवायला केलं, एवढं तरी घरात सांगता आलं असतं.

वाचवायला सही लागत नाही, पत्र लागत नाही. "बघा जरा" एवढं पुरतं. अभियंता त्याचीच वाट बघत होते.

"यादी आहे तशीच राहू द्या," म्हटलं. मग त्यांनी चहा घेतला. गार झाला होता.

दुपारी भावजींना मीच फोन केला. ते एवढंच म्हणाले, "वहिनी, सामान हलवायला रात्र तरी मिळेल ना?" रात्रभर टेम्पोच्या खेपा झाल्या. सकाळी जेसीबी आला तेव्हा आत नुसते बांबू उरले होते. सासूबाई देवघरातून बाहेर आल्या नाहीत.

शनिवारी माझं प्रभागाचं हळदीकुंकू. मंडप दुसरीकडून, रोख मोजून आणला. जाऊबाई येतील असं वाटलं नव्हतं. त्या शेवटी आल्या, हळदीकुंकू लावून घेतलं, तिळगूळही घेतला. वाण मात्र टेबलावर तसंच ठेवून गेल्या.