अँटनी मृत्युपत्र लगेच का वाचत नाही

सोमवार, रात्री

आज पुन्हा शेक्सपियरच्या 'ज्युलियस सीझर' नाटकाचा तिसरा अंक, दुसरा प्रवेश. ब्रूटस, कॅसियस आणि त्यांच्या साथीदारांनी सीझरचा खून केलाय; आता रोमच्या चौकात आधी ब्रूटस जमावाला खुनाचं कारण सांगतो, मग सीझरचा मित्र अँटनी प्रेतापाशी बोलतो. अभ्यासात या प्रवेशाची फार झटपट वासलात लावली जाते. ब्रूटस म्हणजे तर्क, अँटनी म्हणजे भावना, झालं. ॲरिस्टॉटलने मन वळवण्याचे तीन मार्ग सांगितले: ईथॉस, पॅथॉस आणि लोगॉस. पहिल्यात बोलणाऱ्याची विश्वासार्हता, दुसऱ्यात ऐकणाऱ्याच्या भावना आणि तिसऱ्यात युक्तिवाद. हे तीन शब्द पाठ झाले की पेन्सिल घेऊन समासात खुणा करत सुटायचं. माझ्या मते तोवर अभ्यासाला सुरुवातही झालेली नसते.

ब्रूटसचं भाषण सावकाश वाचलं तर त्यात तर्क शोधावा लागतो. तो गद्यात बोलतो, तोलूनमापून, एकासमोर एक वाक्य ठेवत. त्या बांधणीमुळे ते तर्कशुद्ध वाटतं. पण सीझर महत्त्वाकांक्षी होता याला पुरावा? एकही नाही. माझी अब्रू लक्षात घ्या आणि माझ्यावर विश्वास ठेवा, हेच त्याचं भांडवल. शिवाय तो विचारतो, गुलाम व्हायला राजी असेल इतका नीच माणूस इथे आहे का? असेल तर त्याने बोलावं, त्याचा मी अपराधी आहे. भर चौकात 'हो, मी आहे तसा नीच' असं कोण म्हणेल? प्रश्नच असा घातलाय की गप्प बसणं म्हणजे खुनाला संमती. मला अँटनीच्या सगळ्या रडारडीपेक्षा हा प्रश्न जास्त बळजबरीचा वाटतो.

आणि जमावाची प्रतिक्रिया काय, तर एकजण ओरडतो, यालाच सीझर करा! एकाच्या हाती सगळी सत्ता जाऊ नये म्हणून खून केला असं आत्ताच ब्रूटस सांगून गेला. मुद्दा कोणाच्या डोक्यात शिरलाच नाही, माणूस मात्र आवडला. ईथॉस म्हणजे काय हे शिकवायला मी हीच एक ओळ घेईन.

उलट पुरावे देतो तो अँटनी. सीझरने कैद्यांच्या सुटकेचा पैसा सरकारी खजिन्यात भरला. गरीब रडले तेव्हा तोही रडला. लुपरकाल या रोमन उत्सवात देऊ केलेला राजमुकुट त्याने तीनदा नाकारला. तीन उदाहरणं, आणि प्रत्येकानंतर 'ही महत्त्वाकांक्षा होती का?' असा रोख. रचना युक्तिवादाची आहे, पण मधलं उदाहरण अश्रूंचं आहे. त्याच्या समासात कोणती खूण करायची? माझी पेन्सिल आज तिथेच अडली आणि मला त्याचा आनंद झाला.

बुधवार

कालपासून एकच प्रश्न डोक्यात आहे. अँटनीकडे सीझरचं मृत्युपत्र आहे. प्रत्येक नागरिकाला ७५ ड्राखमा, म्हणजे चांदीची नाणी, शिवाय टायबर नदीकाठच्या बागा सगळ्यांसाठी खुल्या. हे वाचलं की जमाव त्याचाच. मग तो कागद नुसता दाखवून परत का ठेवतो?

आज मी फक्त क्रम लिहून काढला. आधी तो बोलता बोलता थांबतो, माझं काळीज त्या तिरडीवर सीझरपाशी आहे म्हणतो. लोक आपसात कुजबुजतात, बिचाऱ्याचे डोळे रडून लाल झालेत. मग कागद दाखवतो आणि वाचायला नकार देतो. लोक हट्ट धरतात. मग तो त्यांचीच परवानगी मागून व्यासपीठावरून खाली उतरतो आणि त्यांना प्रेताभोवती कडं करायला सांगतो. म्हणजे मृत्युपत्र ऐकायला जमलेल्या लोकांना त्याने प्रेताच्या हाताच्या अंतरावर आणून उभं केलं. आता वस्त्र उचलायचं.

वस्त्राचा भाग मी तीन वेगवेगळ्या वेगांनी मोठ्याने वाचला. सुरुवात किती साधी आहे! हा झगा सीझरने पहिल्यांदा घातला ती उन्हाळ्यातली संध्याकाळ मला आठवते, आपल्या तंबूत होता, त्याच दिवशी नर्वी या टोळीवर विजय मिळवला होता. एवढ्या एका वाक्यात मेलेला सत्ताधीश संध्याकाळी तंबूत बसलेला माणूस होतो. मग लगेच भोकं: हा कॅसियसचा वार, हा कास्काचा, आणि हा लाडक्या ब्रूटसचा. पण वार झाले तेव्हा अँटनी तिथे नव्हताच. कटातल्या ट्रेबोनियसने त्याला मुद्दाम बाजूला नेलं होतं, हे आधीच्या प्रवेशात आपल्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. कोणतं भोक कोणाच्या खंजिराचं हे त्याला कळणं शक्य नाही. तरीही वाचताना शंका येत नाही. नाव आणि फाटलेलं कापड शेजारी शेजारी आलं की मन पुरावा मिळाला असं धरून चालतं.

ॲरिस्टॉटलच्या 'ऱ्हेटरिक' या वक्तृत्वावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात रागाबद्दल तीन गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: माणूस कोणत्या मनःस्थितीत रागावतो, कोणावर रागावतो आणि कशासाठी. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं हे हत्यार अजून धारदार आहे. इथे लावून बघितलं. मनःस्थिती आधी हळवी करून घेतली. कोणावर, ते एकेका भोकाला नाव देऊन ठरवलं. कशासाठी, ते वस्त्र बाजूला करून प्रत्यक्ष प्रेतच दाखवलं. तिन्ही जागा भरल्या आणि जमाव जाळपोळीला निघाला. इतका घाईने की मृत्युपत्र ऐकायचंच राहून गेलं, अँटनीलाच आठवण करून द्यावी लागते! कागद सुरुवातीलाच वाचला असता तर लोक खूश होऊन घरी गेले असते. राग आधीच पेटल्यामुळे ७५ ड्राखमा हे त्या रागाचं समर्थन ठरलं. आपण चिडलो ते योग्यच होतं, असं त्या आकड्याने प्रत्येकाला सांगितलं.

'पॅथॉसचा वापर केला आहे' या उत्तरात हा क्रम कुठेच येत नाही. म्हणून आता मी समासात नावं लिहायचं सोडून एकच खूण करते: इथे मी कलले. मग वर जाऊन बघते की त्याआधीच्या चार ओळींत काय झालं.

शुक्रवार

एक गोष्ट मला मनापासून मांडायची आहे, कारण ती सारखी उलटी सांगितली जाते. भावनेला घातलेला हात ओळखला की लबाडी पकडली, असं होत नाही. अँटनीचं दुःख खरं आहे. प्रेताजवळ तो एकटा असतो, ऐकायला कोणी नसतं, तेव्हा तो त्या रक्ताळलेल्या देहाची क्षमा मागतो. तेच दुःख तो चौकात वापरतो. खरं आणि वापरलेलं, दोन्ही एकाच वेळी. या दोहोंपैकी एक निवडायला सांगणारा प्रश्न परीक्षेत आला तर मी त्याचं उत्तर लिहिणार नाही.

दुसरं म्हणजे या भाषणाला श्रोते दोन आहेत. एक जमाव आणि एक मी. आपल्या रसविचारात साधारणीकरण म्हणतात, संस्कृत काव्यशास्त्रकार भट्टनायकाचा विचार: नाटकातलं दुःख 'माझं' किंवा 'त्याचं' राहत नाही, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. जमावाला ती सोय नाही. त्यांच्यासाठी प्रेत खरं, राग खरा, हातातली मशाल खरी. पुढच्याच प्रवेशात सिन्ना नावाच्या कवीला ते कटातल्या एकाशी केवळ नाव सारखं म्हणून फाडून टाकतात. माझे डोळे भरतात आणि मी पान उलटते. चौथ्या अंकात तर अँटनी ते मृत्युपत्र मागवून घेतो आणि वारसांना द्यायच्या रकमेत काटछाट कशी करता येईल ते बघू म्हणतो. हे जमावाला कधीच कळत नाही. मला कळतं, आणि तरीही वस्त्राच्या ओळींनी मी पुन्हा हलते. विश्लेषणाने साहित्याचा रस मरतो म्हणणाऱ्यांना मी या ओळी वाचायला देईन.

अँटनीशेजारी ठेवून द्यूतसभेतली द्रौपदी वाचतेय. हा प्रसंग नेहमी करुण म्हणून सांगितला जातो, पण तिने निरोप्याबरोबर परत पाठवलेला प्रश्न निव्वळ कायद्याचा आहे: राजा आधी स्वतःला हरला की मला? आधी स्वतः हरला असेल तर दास झालेल्या माणसाला दुसऱ्याला पणाला लावायचा हक्क उरतो का? तिला ओढत सभेत आणल्यावरही ती हाच प्रश्न धरून ठेवते. भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणतात आणि निर्णय देत नाहीत. विकर्ण तिच्या बाजूने बोलतो, त्याला कर्ण झापतो. बाकी सभेकडून उत्तर नाही.

इथे युक्तिवादात कुठेही फट नाही आणि तरी तो चालत नाही. अँटनीच्या वेळी मी बोलणाऱ्याकडे बघत होते, इथे ऐकणाऱ्यांकडे बघावं लागतंय. उत्तर दिलं तर या सभेतल्या कोणाचं काय जाणार होतं? दुर्योधनाचं कळतं. धृतराष्ट्राचं कळतं. भीष्मांचं काय जाणार होतं, ते उद्या बघायचं. त्यांचं ते उत्तर पुन्हा एकदा, शब्द न् शब्द.