काउंट जुळत नव्हता म्हणून शेल स्क्रिप्ट लिहायला घेतली, माझा अनुभव

आमच्याकडे रोज रात्री दुसऱ्या एका सिस्टिमकडून टेक्स्ट फाइल्स येतात. पाइपने वेगळे केलेले कॉलम, पहिली ओळ हेडर, मधल्या सगळ्या डिटेल (एका ओळीत एक व्यवहार) आणि शेवटची ट्रेलर, आणि त्या ट्रेलरमध्ये लिहिलेलं असतं की डिटेल किती आहेत आणि रकमेची बेरीज किती. लोड करायच्या आधी हे दोन आकडे आपल्या मोजणीशी ताडून बघायचे, एवढंच काम. पण काही फाइल्स नेहमी एकाने कमी भरायच्या, काही अगदी बरोबर, आणि सकाळी कोणीतरी फाइल उघडून वरवर बघून ओके म्हणून पुढे ढकलायचं. मला ते अजिबात पटत नव्हतं, कारण एकाचा फरक आहे म्हणजे कोणाचा तरी एक व्यवहार गळलाय की नाही हे आपल्याला माहीतच नाही. म्हणून ते काम मी मागून घेतलं.

जुनी स्क्रिप्ट डब्ल्यूसी मायनस एल (ओळी मोजणारी कमांड) करायची आणि आलेल्या आकड्यातून हेडर-ट्रेलरचे दोन वजा करायची. वरून बघितलं तर चूक काहीच दिसत नाही. मग एक बरोबर येणारी आणि एक एकाने कमी येणारी अशा दोन फाइल्स शेजारी शेजारी ठेवल्या आणि टेलने दोन्हींचे शेवटचे थोडे बाइट काढून ओडी मायनस सी (न दिसणारी कॅरेक्टरही दाखवणारी कमांड) मधून बघितले. बरोबर येणाऱ्या फाइलच्या शेवटी आकडा आणि त्यानंतर बॅकस्लॅश एन, म्हणजे न्यूलाइन, ओळ संपल्याची खूण. दुसरीच्या शेवटी नुसता आकडा, पुढे काहीच नाही! डब्ल्यूसी मायनस एल मोजतं ती न्यूलाइन कॅरेक्टर, त्यामुळे शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर ती ओळ त्याच्या हिशोबात येतच नाही. पॉसिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं स्टँडर्ड) व्याख्येत सुद्धा ओळ म्हणजे न्यूलाइनने संपणारी, तेव्हा टूल आपल्या जागी बरोबरच आहे. म्हणजे रेकॉर्ड एकही गळलं नव्हतं. पण हे कळल्यावर आधीपेक्षा जास्त काळजी वाटली, कारण उद्या खरंच एक रेकॉर्ड गळलं असतं तरी सगळे म्हणाले असते की ही फाइल तर रोजच एकाने कमी येते.

दोन वजा करायची पद्धतच काढून टाकली. जे मोजायचंय तेच थेट मोजायचं, पहिला कॉलम डी असेल ती ओळ डिटेल, बस्स. यासाठी ऑक (ओळी कॉलममध्ये तोडून हिशोब करणारं टूल) वापरलं, ते शेवटी न्यूलाइन नसली तरी ती ओळ धरतं, आणि फाइलच्या शेवटी रिकाम्या ओळी आल्या तरी आपोआप बाजूला पडतात. ग्रेप मायनस सीने (जुळणाऱ्या ओळी मोजणारी कमांड) पण हे होतं, फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, एकही ओळ सापडली नाही तर ग्रेप शून्य छापतं खरं पण एक्झिट स्टेटस एक देतं, म्हणजे कमांड फसल्याची खूण. सुट्टीच्या दिवशी नुसती हेडर आणि ट्रेलर असलेली फाइल येते, ती पूर्णपणे व्हॅलिड असते, आणि स्क्रिप्टमध्ये वर सेट मायनस ई (कमांड फसली की थांब) लिहिलेलं असेल तर नेमकी त्याच फाइलवर सगळी स्क्रिप्ट मध्येच थांबते.

आता काउंट जुळेल म्हणून चालवलं तर नवीनच गंमत. ट्रेलरमधला आकडा पुढे शून्य भरून नऊ अंकी येतो, म्हणजे बारा हजार तीनशे पंचेचाळीस असेल तर ००००१२३४५. जुन्या स्क्रिप्टमध्ये तुलना दुहेरी चौकोनी कंसात मायनस ईक्यू लावून केलेली, आणि बॅश (स्क्रिप्ट चालवणारं शेल) तिथे शून्याने सुरू होणारा आकडा ऑक्टल, म्हणजे आठच्या पायावरचा, समजतं! म्हणजे १२३४५ चे झाले ५३४९. आणि आकड्यात कुठे ८ किंवा ९ आला की ऑक्टलमध्ये तो अंकच नसल्यामुळे बॅश एरर देतं, तो एरर लॉगमध्ये जाऊन पडतो आणि तुलना खोटी ठरते. टेस्टिंगच्या फाइलमध्ये पाच-सात रेकॉर्ड असायची, सातपर्यंत ऑक्टल काय नि डेसिमल काय आकडा तोच, म्हणून टेस्टिंगमध्ये हे कोणाच्या नजरेस पडणं शक्यच नव्हतं. उपाय सोपा आहे, आकड्याच्या आधी दहा आणि हॅश लावलं की बॅश तो डेसिमल धरतं. मी तुलनाही ऑकमध्येच नेली, तिथे शून्य मिळवलं की सरळ डेसिमल संख्या मिळते.

मग कॉलम. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही आहे आणि मी ती आता कुठलीही नवीन फाइल हातात आली की पहिल्यांदा करतो. ऑकला सेपरेटर म्हणून पाइप द्यायचा, प्रत्येक ओळीचा एनएफ म्हणजे कॉलमची संख्या छापायची, तो सॉर्टमध्ये आणि पुढे युनिक मायनस सीमध्ये (कुठला आकडा किती वेळा आला ते मोजणारी कमांड) द्यायचा. दोन-चार ओळींचं आउटपुट येतं आणि सगळी फाइल समोर उलगडते. हेडरचा एक आकडा एकदा, ट्रेलरचा एकदा, आणि बाकी सगळ्या ओळी एकाच आकड्यावर असायला हव्यात. आमच्या एका फाइलमध्ये चौदा कॉलमच्या हजारो ओळी आणि त्यात दोन ओळी अशा की एकात नऊ कॉलम आणि एकात सहा. नऊ अधिक सहा पंधरा, म्हणजे एक रेकॉर्ड मधल्या कॉलमपाशी तुटून दोन ओळींवर गेलं होतं (तुटलेला कॉलम दोन्हीकडे मोजला जातो म्हणून एक जास्त). पत्त्याच्या कॉलममध्ये कोणीतरी एंटर मारलं होतं. हे नुसत्या काउंटमध्ये कधीच दिसलं नसतं, कारण तुटलेल्या दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला डी नाही, काउंट तंतोतंत जुळतो आणि रेकॉर्ड मात्र अर्धंच लोड होतं. ऑक बेल लॅब्समध्ये १९७७ साली आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन या तिघांनी बनवलं, एवढं जुनं टूल आणि अजून एका ओळीत हे काम करतं, मला तर मनापासून कौतुक वाटतं.

बेरजेत फार वेळ गेला नाही. ऑकमध्ये नुसतं प्रिंट केलं तर दशांश असलेली मोठी बेरीज सहा अंकांपर्यंत राउंड होऊन ई वाल्या रूपात येते, म्हणून प्रिंटएफ वापरून दोन दशांश मागायचे. मी तर रकमेतला टिंबच काढून पूर्णांकात बेरीज करतो, सगळ्या रकमांना दोन दशांश असतातच त्यामुळे हे चालतं आणि फ्लोटिंग पॉइंटची (दशांश साठवतानाची) बारीक चूक साठत जात नाही. ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत ऑकचा पूर्णांक अचूक राहतो आणि आमच्या बेरजा त्याच्या आसपासही नाहीत.

विंडोजवरून आलेल्या फाइल्समध्ये ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश आर असतो, तो शेवटच्या कॉलमला चिकटून बसतो आणि स्क्रीनवर सारख्या दिसणाऱ्या दोन व्हॅल्यू जुळत नाहीत. कॅट मायनस कॅपिटल ए केलं की तो दिसतो, टीआर कमांडने काढायचा. डुप्लिकेट शोधताना आधी सॉर्ट, मगच युनिक मायनस डी, कारण युनिक फक्त लागून आलेल्या ओळीच बघतं. कालच्या आणि आजच्या फाइलमधल्या की व्हॅल्यू (रेकॉर्डची ओळख) कॉमने (दोन सॉर्ट केलेल्या फाइल्स ताडणारी कमांड) ताडायच्या असतील तर दोन्ही सॉर्ट आणि कॉम या सगळ्यांना एलसी ऑल इज इक्वल टू सी (सॉर्टचा क्रम ठरवणारी सेटिंग) द्या, नाहीतर दोन सर्व्हरवर दोन वेगळे क्रम लागतात आणि कॉम तक्रार करत बसतं. आणि व्हाइल रीडचं (एकेक ओळ वाचत जाणारं) लूप लावून ओळी मोजू नका, मोठ्या फाइलवर ते फारच हळू चालतं, शिवाय शेवटी न्यूलाइन नसलेली ओळ तिथेही हातातून सुटते.

आता स्क्रिप्ट प्रत्येक फाइलमागे लॉगमध्ये एकच ओळ लिहिते, मोजलेला काउंट, ट्रेलरचा काउंट, दोन्ही बेरजा आणि वेगळ्या कॉलमसंख्येच्या ओळी किती, आणि यातलं काहीही जुळलं नाही तर फाइल लोडला न जाता बाजूच्या फोल्डरमध्ये जाते आणि सोबत त्या नेमक्या ओळींचे नंबर जातात. पत्त्यातल्या एंटरसाठी पाठवणाऱ्या टीमला तेच ओळ नंबर दिले, त्यांनी फाइल बनवतानाच तिथे स्पेस टाकायला सुरुवात केली. ट्रेलरनंतरची न्यूलाइन मात्र त्यांच्याकडून अजूनही कधी येते, कधी येत नाही, आणि आता त्याने काही अडत नाही.