तुम्ही विचारलंत म्हणून: तो एक ग्रॅम

चतुर्थीला कुणाकडेही गेलो की माटोळीखाली (गणपतीवर फळं-पानं टांगलेली चौकट) बसल्या बसल्या हा प्रश्न येतो, फोंड्याच्या बसमध्येसुद्धा येतो. "सर, तुमचे ते मोठे शास्त्रज्ञ आधी मनानंच काहीतरी धरून चालतात, पुरावा मागाहून येतो, मग आम्ही काही सुचवलं की लगेच पुरावा कुठाय म्हणून का विचारता?" मी सांगतो की त्यांच्या अटकळीमागे गणित असतं. हे खोटं नाही, पण पुरंही नाही, आणि हे सांगताना दर वेळी मला एक मुलगी आठवते.

अकरावीचं प्रॅक्टिकल होतं, जुलैचा पाऊस. पन्नास ग्रॅमचा पितळेचा गोळा उकळत्या पाण्यात तापवायचा, कॅलरीमीटरमधल्या, म्हणजे उष्णता मोजायच्या भांड्यातल्या, पाण्यात सोडायचा आणि पाणी किती तापलं त्यावरून पितळेची विशिष्ट उष्णता काढायची, म्हणजे एक ग्रॅम पितळ एक अंशानं तापवायला किती ज्यूल उष्णता लागते ते. पुस्तकात ०.३८, तिची आली ०.४६. तीनदा केलं, तीनदा तेच. मग तिनं जर्नलमध्ये लिहिलं की गोळा झटकला तरी त्याला आणि दोऱ्याला थोडं गरम पाणी चिकटून येत असावं, एक ग्रॅम धरलं तर हिशेब जुळतो.

मी विचारलं, "एक ग्रॅम कुठून काढलास? मापलंस?"

"नाही सर. पण जुळतंय ना."

"अगो बाय, जुळवायला काय, काहीही धरता येतं. ही गोष्ट झाली, फिजिक्स नव्हे." आणि सगळ्या बॅचसमोर लाल पेनानं ती ओळ खोडली. दुसऱ्या दिवशी नव्या पानावर उत्तर आलं, बरोब्बर ०.३८. रीडिंग मागून बसवलेली होती, ते मला बघताक्षणी कळलं, आणि तरी मी सही केली. त्यानंतर तिनं माझ्या तासाला कधी काही विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी बारावीला भौतिकशास्त्रज्ञ पाउलीची गोष्ट शिकवत होतो. बीटा क्षयात, म्हणजे अणूच्या केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा, त्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा दर वेळी वेगळी, हिशेब जुळेना, नील्स बोरसारखा मोठा शास्त्रज्ञ तर ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच सोडायला तयार झालेला. ४ डिसेंबर १९३० ला पाउलीनं पत्र लिहिलं की कुणाला न दिसणारा एक कण ती ऊर्जा घेऊन जात असावा. मापलेला नाही, पाहिलेला नाही, फक्त हिशेब जुळावा म्हणून धरलेला! तो न्यूट्रिनो सापडला १९५६ मध्ये. मी हे रंगवून सांगत होतो आणि मधेच माझी जीभ अडखळली.

आता माझीही बाजू ऐका. लवेरिये या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं युरेनसची चाल चुकते म्हणून न दिसणारा ग्रह धरला आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला, त्याच माणसानं १८५९ मध्ये बुधासाठी त्याच युक्तीनं आणखी एक ग्रह सुचवला, लोकांनी नावही ठेवलं व्हल्कन, आणि तो नव्हताच. बुधाच्या कक्षेच्या सरकण्यातले शतकाला ४३ विकलांचे (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) उरलेले हिशेब १९१५ मध्ये आइन्स्टाइननं गुरुत्वाकर्षणच नव्यानं मांडून सोडवले, म्हणजे तिथं काही धरायचं नव्हतं, नियमच बदलायचा होता. डोकं तेच, पद्धत तीच, एकदा ग्रह मिळाला, एकदा नाही. मग प्रत्येकाला आपापला एक ग्रॅम धरू दिला तर चूक सापडणार कशी? या मुद्द्यावर मी आजही हटणार नाही.

पण मग पाउलीचंही पान मी खोडलं असतं का? बहुतेक हो. १९३४ मध्ये इटालियन भौतिकशास्त्रज्ञ फर्मीनं त्या कणावरून इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचा आलेख कसा यायला हवा ते काढून दाखवलं, तिथपासून त्या अटकळीला धरता येईल असं काहीतरी आलं, असं मी स्वतःला समजावतो. तिच्या ग्रॅमला तर तेवढीही वाट बघायची गरज नव्हती, तराजू शेजारच्याच टेबलावर होता. "जा, मापून ये" एवढंच म्हणायचं होतं मला. दहा मिनिटांचं काम.

गेल्या जुलैत मी स्वतः मापलं. सुका गोळा दोऱ्यासकट ५०.२ ग्रॅम. उकळत्या पाण्यातून काढून झटकलेला ५०.६. एक ग्रॅम नाही, ०.४. पण गोळा गरम, तराजूवर ठेवीपर्यंत त्याच्यावरचं पाणी उडून जात होतं, आकडा डोळ्यांदेखत उतरत होता, त्यामुळे पाण्यातून काढला त्या क्षणी किती होतं ते मला अजून सांगता येत नाही.