बारा की वीस? शॉटगन घेण्याआधी खांद्याला विचारा

गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत मोदकाची प्लेट हातात असताना एकाने मला कोपऱ्यात नेऊन हळूच विचारलं, "काय रे, तू बंदूक घेतलीस म्हणे?" जसं काही मी गुपचूप दुसरं लग्न केलंय. त्यानंतर हाच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला आणि त्यातल्या निम्म्यांना खरं तर पुढचा प्रश्न विचारायचा असतो, "मलाही घ्यायचीये, कुठली घेऊ?" म्हणून म्हटलं एकदाच काय ते लिहून टाकू, नंतर नुसती लिंक पाठवता येईल.

आम्ही अमेरिकेत मिनेसोटात राहतो. इकडे ऑक्टोबर लागला की ऑफिसमधले लोक शुक्रवारी दुपारपासूनच घड्याळ बघायला लागतात, शनिवारी फेझंटच्या (रानकोंबड्यासारखा पक्षी) शिकारीला जायचं असतं ना. शाळांच्या ट्रॅप शूटिंगच्या टीम असतात, पंधरा वर्षांची पोरं खांद्यावर गन घेऊन हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडत असतात. मला बंदूक अगदीच परकी नव्हती म्हणा, कुडाळकडे आमच्या गावी आजोबांची ठासणीची होती, शेतीसंरक्षणाच्या लायसनवरची, रानडुकरं भातात घुसली की हवेत एक बार काढायचा आणि परत आत ठेवायची. इलेक्शन आलं की पोलीस स्टेशनात जमा, इलेक्शन झालं की परत आणा, माझ्या आठवणीत तिचा जास्त प्रवास तोच. शिकार वगैरे ऐकीव गोष्टी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय बंदच होत गेला.

आता आधी एक महत्त्वाचं, कारण आपल्या लोकांना हे माहीतच नसतं. एच-वन-बी सारख्या व्हिसावर असाल तर इथे बंदूक विकत घेणं सोडाच, रेंजवर मित्राची हातात घेणंसुद्धा फेडरल कायद्यात बसत नाही. त्याला काही अपवाद आहेत, नेहमीचा म्हणजे तुमच्याकडे चालू हंटिंग लायसन्स असणं. ग्रीन कार्ड असेल तर ही भानगड नाही. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो त्यात हे सगळं सरळ विचारतात, तिथे अंदाजपंचे टिक करू नका, शंका असेल तर आधी वकिलाला विचारा. आणि मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्याला हंटिंग लायसन्ससाठी आधी सेफ्टीचा कोर्स करावा लागतो. मी केला. वर्गात माझ्या एका बाजूला बारा वर्षांची मुलगी, दुसऱ्या बाजूला तिचा भाऊ, आणि दोघांना माझ्यापेक्षा जास्त उत्तरं येत होती.

तर पहिली गन, म्हणजे शॉटगन, एका गोळीऐवजी छर्रे उडवणारी. माझं लॉजिक टिपिकल इंजिनियरचं, स्पेसिफिकेशन बघून घ्यायची. बारा गेजची (गेज म्हणजे नळीचं माप, पुढे सांगतो) पंप घेतली, म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून पुढचं काडतूस भरायची, वजनाला हलकी, कॅमोफ्लाज रंगाची, आणि चेंबर (काडतूस बसतं ती जागा) साडेतीन इंची, म्हणजे पावणेतीन, तीन, साडेतीन कुठलंही काडतूस चालेल. मोठं बसतंय तर छोटं बसेलच की! दोघांच्या संसाराला बस घेण्यातला प्रकार. साडेतीन इंची काडतूस लागतं ते मोठ्या हंसांना नाहीतर टर्कीला, फेझंटला आणि चकत्यांना पावणेतीन इंची पुरून उरतं. पहिल्याच दिवशी दोन राउंड ट्रॅप खेळलो, एक राउंड म्हणजे २५ चकत्या, पाच जागांवरून पाच-पाच, प्रत्येकीला एकच काडतूस. पहिल्यात ७ फुटल्या. दुसऱ्यात ५. रात्री शर्ट काढला तर खांदा वांग्याच्या रंगाचा झालेला, बायको म्हणाली हा खेळ आहे की मारामारी.

क्लबात एक म्हातारे गृहस्थ नवीन लोकांना बघतात, आम्ही त्यांना मनातल्या मनात काका म्हणतो. त्यांनी माझा स्कोअर विचारला नाही, गनची कंपनी विचारली नाही. गन रिकामी आहे हे आधी स्वतः दोनदा बघितलं, मग म्हणाले डोळे मीट, गन खांद्याला लाव, गाल दस्त्यावर (खांद्याला लागतो तो मागचा भाग) टेकव, आता डोळे उघड, काय दिसतंय? मला दिसत होता नुसता मागचा लोखंडी भाग, नळीचं टोक गायब. म्हणजे डोळा खाली राहतोय. आणि दस्ता इतका लांब की गन उचलताना काखेत जाकीट अडकायचं. माझी उंची पाच फूट पाच इंच, इथल्या फॅक्टरीतले दस्ते साधारण साडेचौदा इंचाचे, म्हणजे चापापासून मागच्या टोकापर्यंत, ते पाच फूट दहाच्या माणसाला बसतात. मी रेडिमेड कपडे घेतानासुद्धा बाह्या कापून घेतो आणि बंदूक मात्र तशीच उचलून आणली!

हे इतकं महत्त्वाचं का, तर रायफलला नेम धरतात, शॉटगनला नेम धरायचा नसतो. डोळे दोन्ही उघडे, नजर चकतीवर, नळीकडे बघायचंच नाही, हात आपोआप जातात, जसं कॅच घेताना आपण तळहाताकडे बघत नाही. मग मागची साईट कुठेय? तुमचा डोळा हीच मागची साईट. गाल दस्त्यावर दरवेळी त्याच जागी टेकला नाही तर साईट दरवेळी हलली, संपलं. त्यामुळे गन बसते की नाही हा पहिला प्रश्न, कंपनी-गेज-किंमत सगळं त्याच्यानंतर.

बायकोचं तर वेगळंच निघालं. ती उजवी, पण तिचा मास्टर डोळा, म्हणजे बघताना पुढाकार घेणारा, डावा. तो कसा ओळखायचा? हात लांब करून दोन्ही पंजांची त्रिकोणी फट करायची, दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबची एक वस्तू त्यात पकडायची, मग एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याने वस्तू फटीतच राहते तो मास्टर. काकांनी तिच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला, बरोबर नळीच्या रेषेत, आणि क्लबची वीस गेजची सेमी-ऑटो (प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी) हातात दिली. १७ फोडल्या तिने. त्याच राउंडला माझ्या ११. घरी जाताना गाडीत फार बोलणं झालं नाही.

आता बारा आणि वीस म्हणजे काय. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले तर त्यातल्या एकाच्या व्यासाएवढी नळी म्हणजे बारा गेज, साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस गोळे केले तर गोळा लहान, म्हणून वीस गेजची नळी साडेपंधरा मिलिमीटरच्या आसपास. नंबर वाढला की नळी बारीक, वायरच्या गेजसारखं. फक्त चारशेदहा याला अपवाद, तो सरळ इंचातला व्यास आहे, आणि "लहान आहे म्हणजे नवशिक्याला सोपी" असं समजून ती घेऊ नका, छर्रे इतके कमी की चकती हुकतच राहते आणि नवशिका कंटाळतो.

घरात दोन गेजच्या गन असतील तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, विसाची काडतुसं पिवळी असतात ती शोभेसाठी नाही. विसाचं काडतूस चुकून बाराच्या नळीत टाकलं तर ते घसरून पुढे जाऊन अडकतं, तुम्हाला वाटतं गन रिकामी आहे, मागून बाराचं भरता आणि चाप ओढता. नळी फुटते, हातही जाऊ शकतो. आम्ही दोघं त्यामुळे वेगवेगळ्या बॅगा नेतो, एकाच खिशात दोन रंग कधीच नाही.

मग खरी गोची. मला एकच गन हवी होती, उन्हाळ्यात चकत्यांना आणि हिवाळ्यात फेझंटला. चकत्यांना जड गन चांगली, आठ पौंडांच्या पुढची, धक्का कमी लागतो आणि स्विंग मध्येच थांबत नाही, स्पोर्टिंग क्ले (चकत्यांचाच एक खेळ) खेळलात तर शंभर बार होतात, तेव्हा थोडासा कमी झालेला धक्काही खांद्याला कळतो. फेझंटला मात्र दिवसभर गुडघाभर गवतातून चालायचं, शंभर नाही, फार तर चार बार, तिथे साडेसहा पौंडांची गन हातात फुलासारखी वाटते आणि आठ पौंडांची दुपारी चारनंतर पाण्याने भरलेल्या कळशीसारखी. दोन्हीला उत्तम अशी गन नसते. सेल्समन सांगतात असते म्हणून.

ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक दोन नळ्या, दिसायला सगळ्यात देखणी. मधून उघडून खांद्यावर टाकली की लांबूनही सगळ्यांना दिसतं की सेफ आहे, दोन नळ्यांना दोन वेगळे चोक (त्याबद्दल पुढे) लावता येतात. ब्राउनिंगची सिटोरी मी एकाची वापरून बघितली, जपानमध्ये बनते, प्रेमातच पडलो, किंमत विचारली आणि प्रेम आवरलं. पंप स्वस्त आणि दणकट, मॉसबर्ग ५०० आणि रेमिंग्टन ८७० इथे घरोघरी आहेत, पण पक्षी फडफडत उठला की गडबडीत मी पंप अर्धाच मागे ओढायचो आणि दुसरा बार निघायचाच नाही. राहिली सेमी-ऑटो. तिच्यात दोन जाती, गॅसवाली आणि इनर्शियावाली. गॅसवाली उडालेल्या काडतुसाचा थोडा गॅस वापरून पुढचं काडतूस भरते, त्यामुळे धक्का सौम्य, पण काजळी धरते, साफसफाई आली. इनर्शियावाली धक्क्याच्या जोरावर भरते, स्वच्छ राहते, हलकी असते, धक्का जास्त देते आणि अगदी हलक्या काडतुसांवर कधीकधी रुसते.

मी शेवटी बेरेटाची ए३०० घेतली, गॅसवाली, बारा गेज, तीन इंची चेंबर, नळी २८ इंची. वजन सवासात पौंडांच्या आसपास, म्हणजे दोन्हीकडे थोडी थोडी चूक. घ्यायचं खरं कारण दस्ता. तिच्यासोबत पातळ पट्ट्या येतात, दस्ता आणि बॉडीच्या मध्ये त्या बदलून दस्ता वर-खाली, डावी-उजवीकडे हलवता येतो, मागचा स्पेसर (लांबी वाढवणारा तुकडा) काढून लांबी कमी करता येते. काकांसोबत एक अख्खी संध्याकाळ त्यातच घातली. आणि ही गंमत मला कुणी आधी सांगितली नव्हती, जुलैत टी-शर्टवर बसलेली गन नोव्हेंबरमध्ये जाड जाकिटावर लांब होते! स्वेटर, जाकीट मिळून अर्धा इंच सहज खातात. आता मी हिवाळ्याचे टायर लावतो त्याच आठवड्यात स्पेसर काढतो. जुनी पंप विकली, अर्थात तोट्यात.

काडतुसं एक औंस छर्र्यांची वापरतो, चकत्यांना साडेसात किंवा आठ नंबरचे छर्रे, फेझंटला शिशाचे असतील तर पाच-सहा (नंबर लहान तेवढा छर्रा मोठा). चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेली अरुंदी, ४० यार्डांवर तीस इंची वर्तुळात साधारण किती छर्रे पडतात त्यावरून नावं, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरला निम्मे, मॉडिफाइडला साठ टक्के, फुलला सत्तर. ट्रॅपमध्ये चकती पाठ करून पळते म्हणून मॉडिफाइड, स्कीट या चकत्यांच्याच दुसऱ्या खेळात जवळून आडवी जाते म्हणून मोकळा. स्टीलचे छर्रे शिशापेक्षा घट्ट जातात, तिथे एक पायरी मोकळा लावायचा. आणि स्टील लागतंच, बदकांना १९९१ पासून अमेरिकाभर शिसं बंद आहे, आणि इथल्या फेडरल वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियात (पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या सरकारी जागा) फेझंटलाही शिसं चालत नाही, आम्ही जातो ती जागा नेमकी तीच. आजोबांच्या जमान्यातली जुनी दुनळी कुणाला मिळाली तर तिच्यात स्टील घालू नका, नळी खराब होते.

मागच्या नोव्हेंबरात पहिला फेझंटचा कोंबडा पडला. नरच मारायचा असतो, मादी नाही, त्यामुळे उठल्यावर आधी रंग बघायचा, मग गन. दिवसाला दोन चालतात, डिसेंबरपासून तीन. त्याआधी चार हुकवले होते, नळीकडे बघितलं म्हणून. घरी मालवणी मसाल्यात गावठी कोंबडीसारखा केला, शिजायला वेळ लागतो पण रस्सा कमाल होतो. फक्त साफ करताना फ्रीजवरचं मॅग्नेट मांसावरून फिरवा, स्टीलचा छर्रा टक्कन चिकटतो. आम्हाला तीन सापडले, चौथा सासऱ्यांच्या दाढेला.