कार्डावरची खोडलेली ओळ

माझ्या उपचारांच्या कार्डावर शेवटच्या पानावर इंग्रजीत छापलेल्या सूचना आहेत आणि त्यांतली एक ओळ निळ्या बॉलपेनने आडवी खोडलेली आहे. ती ओळ योनिमार्गाच्या डायलेटरविषयी आहे, म्हणजे मार्ग अरुंद होऊ नये म्हणून थोडा वेळ आत ठेवायच्या, गोल टोकाच्या कांडीविषयी. मार्च २०२३ मध्ये माझे रेडिएशन संपले, त्या दिवशी कार्ड भरणाऱ्या डॉक्टरांनी मला विचारले, "मिस्टर काय करतात?" ते २०१६ सालीच गेले, असे मी सांगितले. त्यांनी वर न पाहता ती ओळ खोडली, खाली सही केली आणि कार्ड माझ्या हातात दिले. मी नागपुरातल्या एका शाळेत सव्वीस वर्षे विज्ञान शिकवले आहे. प्रजनन संस्थेचा धडा मी दरवर्षी, मुलींनी माना खाली घातल्या तरी, एकही ओळ न गाळता शिकवला. तरीही त्या दिवशी ती ओळ का खोडली, हे विचारायला माझे तोंड उघडले नाही.

आजार गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा होता. पाळी बंद होऊन पाच वर्षे झाल्यावर २०२२ च्या दिवाळीत अंगावरून पुन्हा लाल जाऊ लागले, आणि बायोप्सीत निदान झाले. गाठ गर्भाशयाच्या बाजूच्या भागात पसरलेली होती, म्हणजे दुसऱ्या टप्प्यातला ब प्रकार, आणि त्यात ऑपरेशनपेक्षा रेडिएशन आणि केमो एकत्र देण्याचीच पद्धत आहे. सोमवार ते शुक्रवार असे पाच आठवडे, एकूण २५ वेळा बाहेरून रेडिएशन झाले, आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची बाटली लागली, आणि शेवटी ब्रेकीथेरपी, म्हणजे योनिमार्गातून नळ्या बसवून आतून रेडिएशन झाले. उलट्या, जुलाब, लघवीची जळजळ, या सगळ्याची कल्पना मला आधी दिलेली होती आणि त्यासाठी गोळ्याही लिहून दिलेल्या होत्या. त्यानंतर पुढच्या काही महिन्यांत शरीराच्या आत काय होत राहणार आहे, याबद्दल मात्र कोणी काही बोलले नाही.

आत काय होते, ते मला नंतर कळले. रेडिएशन कर्करोगाच्या पेशींबरोबर योनिमार्गाच्या अस्तरालाही भाजते. ते अस्तर पातळ आणि कोरडे होते, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या कमी होतात, आणि भरून येताना मऊ, ताणल्या जाणाऱ्या पेशीजालाच्या जागी चिवट व्रणासारखे पेशीजाल तयार होते. दोन्ही भिंती सतत एकमेकींना टेकलेल्या असल्यामुळे कच्च्या अवस्थेत त्या एकमेकींना चिकटतातही, विशेषतः वरच्या बाजूला, जिथे ब्रेकीथेरपीचा मारा सर्वांत जास्त झालेला असतो. मार्ग अरुंद होतो आणि आखूडही होतो. हे एका दिवसात होत नाही आणि दुखतही नाही, त्यामुळे ज्या बाईला तिथे हात लावण्याचे काही कारणच उरलेले नाही, तिला ते कळण्याचा मार्गच नसतो.

मला ते सप्टेंबरमध्ये कळले. जूनचा एमआरआय चांगला आला होता आणि घरात सगळे निर्धास्त झाले होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मला पुन्हा रक्ताचे डाग दिसले. दोन रात्री मी डोळ्याला डोळा लावला नाही. ज्या ठिकाणी उपचार झाले होते तिथे जाण्याऐवजी या वेळी सूनबाईने मला धंतोलीतल्या एका स्त्रीरोग कर्करोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. त्यांनी लहानातला लहान स्पेक्युलम, म्हणजे मार्ग उघडून आत पाहण्याचे साधन, घेतला, जेली लावली, मला श्वास सोडायला सांगितला, आणि दीड इंचावरच थांबल्या. पुढे वाटच नव्हती.

त्यांनी मला खुर्चीवर बसवले आणि स्पष्ट सांगितले, "मॅडम, रेडिएशननंतर नाजूक झालेल्या रक्तवाहिन्यांमधूनही असे डाग पडतात आणि आजार परत आला तरीही पडतात. दोन्हींतले काय आहे, हे मला गर्भाशयाचे तोंड पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि ते मला दिसत नाही." मग त्यांनी माझे कार्ड उलटे-सुलटे पाहिले, शेवटच्या पानावर त्यांचे बोट थांबले, आणि त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत.

त्यानंतर मला भूल देऊन तपासावे लागले. चिकटलेला भाग सोडवून, आतून तुकडा घेऊन तो तपासायला पाठवला. अहवाल यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस कसे गेले, हे लिहिण्यात अर्थ नाही. अहवालात कर्करोग नव्हता. डाग रेडिएशनच्या परिणामाचेच होते. पण ही भूल, हा खर्च आणि मुख्य म्हणजे ते आठ दिवस एका खोडलेल्या ओळीमुळे माझ्या वाट्याला आले, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. डायलेटर हा केवळ नवरा-बायकोच्या संबंधांसाठी आहे, असे धरून चालल्यामुळे तो मला नाकारला गेला. वास्तविक पहिली दोन वर्षे साधारण दर तीन महिन्यांनी आणि नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी जी आतली तपासणी करावी लागते, तिच्यासाठी तो मार्ग उघडा असणे विधवेला, अविवाहितेला, साऱ्यांनाच तितकेच आवश्यक आहे. आणि संबंधांचा प्रश्न असला, तरी तो कार्ड भरणाऱ्याने परस्पर ठरवायचा नाही.

डॉक्टरांनी मला ओटीपोटाच्या स्नायूंचे काम करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. माझ्या मुलीच्या वयाच्या त्या मुलीने टेबलावर पांढरा रुमाल पसरून त्यावर पाच डायलेटर उतरत्या क्रमाने मांडले. मऊ सिलिकॉनचे, फिकट जांभळ्या रंगाचे, टोक गोल केलेले. सर्वांत लहान माझ्या करंगळीएवढा जाड आणि सर्वांत मोठा साधारण सव्वा इंच व्यासाचा. तिने लहान डायलेटर माझ्या तळहातावर ठेवला आणि तो नुसता धरून बसायला सांगितले. "काकू, हे फिजिओथेरपीचेच साधन आहे. गुडघ्याचे ऑपरेशन झाले की गुडघा वाकवायला लावतो ना, तसेच," असे ती म्हणाली. त्या एका वाक्याने माझ्या मनावरचा अर्धा भार उतरला.

तिने शिकवलेली पद्धत मी इथे सविस्तर लिहिते, कारण मला ती कुठेही मराठीत लिहिलेली मिळाली नव्हती. आधी लघवीला जाऊन यायचे. दार लावून घ्यायचे आणि घाई नसेल अशीच वेळ निवडायची. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, डोक्याखाली आणि वाटल्यास मांड्यांच्या बाहेरून आधाराला उशा घ्यायच्या. डायलेटरला आणि योनिमुखाला पाण्यात विरघळणारी जेली भरपूर लावायची. सिलिकॉनच्या डायलेटरला सिलिकॉनचे वंगण लावायचे नाही, त्याने तो खराब होतो. मग लघवी धरून ठेवताना आवळतो तसे स्नायू एकदा आवळायचे आणि पूर्ण सैल सोडायचे, आणि तोंडाने लांब श्वास सोडत असताना डायलेटर हळूच आत सरकवायचा. दिशा सरळ वर नसते, किंचित मागे, माकडहाडाच्या बाजूला असते. ही एक गोष्ट न कळल्यामुळे पहिल्या दिवशी मला तो जातच नाही असे वाटत होते. जिथे ताण जाणवेल तिथे थांबायचे, स्नायू सैल होण्याची वाट पाहायची, आणि मग जमेल तेवढेच पुढे जायचे. पाच ते दहा मिनिटे आत ठेवायचा, त्या वेळात हलकेच मागे-पुढे आणि डावीकडे-उजवीकडे दाब द्यायचा, म्हणजे चिकटू पाहणाऱ्या भिंती सुट्या राहतात. आठवड्यातून तीन वेळा. नंतर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करून ठेवायचा.

ताण आणि वेदना यांतला फरक ओळखायला तिने मला दोन बैठका दिल्या. बोटाने ओठाचा कोपरा ओढला की जो ओढ लागल्याचा भाव येतो, तो चालतो. टोचल्यासारखे किंवा फाटल्यासारखे वाटले की मागे यायचे. नंतर जेलीबरोबर थोडासा गुलाबी डाग आला तर घाबरायचे नाही. पण भरपूर रक्त, न थांबणारी वेदना किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर डायलेटर बंद करून डॉक्टरांना दाखवायचे. रेडिएशन चालू असताना किंवा संपल्यावर लगेच, अस्तर ओल्या जखमेसारखे असताना, हे करायचे नसते. सूज उतरल्यावर, साधारण चार आठवड्यांच्या आसपास, डॉक्टर तपासून केव्हा सुरू करायचे ते सांगतात. जोर लावल्याने आतली भिंत दुखावू शकते. म्हणून कोणी हे वाचून स्वतःच्या मनाने सुरू करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझा कर्करोग स्क्वॅमस प्रकारचा, म्हणजे अस्तरातल्या चपट्या पेशींचा, असल्यामुळे डॉक्टरांनी मला कमी मात्रेचे इस्ट्रोजेनचे क्रीमही रात्री लावायला दिले. दुसऱ्या प्रकारच्या कर्करोगात हा निर्णय वेगळा असू शकतो, हे त्यांनी बजावून सांगितले.

पहिल्या महिन्यात प्रगती अशी काही दिसली नाही. सर्वांत लहान डायलेटर पहिल्या दिवशी माझ्या अंगठ्याच्या पेराइतकाच आत गेला आणि मी छताकडे पाहत रडले. वेदनेने नाही, त्या जागेशी माझा काही संबंध आहे, हे किती वर्षांनी आठवले म्हणून. डिसेंबरात नागपूरची थंडी पडली तेव्हा सिलिकॉन इतके गार लागायचे की अंग आपोआप आवळून जायचे. मग मी स्टीलच्या गंजात कोमट पाणी घेऊन डायलेटर पाच मिनिटे त्यात ठेवू लागले आणि तेवढ्याने मोठा फरक पडला. डायलेटरवर जेलीची सीमा कुठपर्यंत येते, ते मी शिवणकामाच्या टेपने मोजून वहीत लिहीत असे. ऑक्टोबरमध्ये साडेचार सेंटीमीटर, जानेवारीत साडेसहा, मार्चमध्ये दुसरा आणि मग तिसरा डायलेटर. आधीचा अगदी सहज, न दुखता जाऊ लागला की मगच पुढचा घ्यायचा, हा नियम मी एकदाही मोडला नाही.

खंड मात्र पडला. मे २०२४ मध्ये पुतण्याचे लग्न होते, घर पाहुण्यांनी भरलेले होते, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सगळे एकाच कूलरच्या खोलीत झोपत होते आणि मला एकटीला दार लावून घेण्याची सोय नव्हती. सव्वा महिना डायलेटर कपाटातल्या पिशवीतच राहिला. नंतर तिसरा डायलेटर लावू पाहिला तर तो जाईना. मला पहिल्यावर परत यावे लागले आणि गमावलेले मिळवायला जुलै संपला. व्रणाचे पेशीजाल तयार होण्याची क्रिया रेडिएशननंतर वर्षानुवर्षे चालू राहते, म्हणून हे काम औषधाच्या कोर्ससारखे संपत नाही, हे मला त्या खंडाने समजले. सूनबाईला मी तेव्हा पहिल्यांदा सगळे नीट सांगितले. तिने काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवून घेतली आणि मंगळवारी, गुरुवारी व शनिवारी दुपारी नातवाला ती स्वतःच्या खोलीत झोपवू लागली.

फिजिओथेरपिस्टच्या बाहेरच्या बाकावर मला सर्व वयांच्या मुली-बायका भेटल्या. कोणी काय आहे ते एकमेकींना विचारत नसे, पण आत गेल्यावर मी तिला विचारले की हे सगळे रेडिएशनचेच रुग्ण आहेत का. तिने कोणाचे नाव न घेता समजावून सांगितले. काही मुलींमध्ये गर्भाशय आणि योनिमार्ग जन्मतःच तयार झालेला नसतो; साधारण पाच हजारांत एक मुलगी अशी असते, अंडाशय व्यवस्थित असतात, वयात येण्याच्या बाकी सर्व खुणा दिसतात, फक्त पाळी येत नाही. त्यांच्यात योनीच्या जागी असलेल्या लहानशा खोलगट भागावर रोज डायलेटरने दाब देत पुरेसा लांब मार्ग तयार करता येतो. अमेरिकेतल्या रॉबर्ट फ्रँक या डॉक्टरांनी १९३८ मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही ऑपरेशनच्या आधी हाच उपाय करून पाहतात. ऑपरेशन करून त्वचेपासून मार्ग तयार केला, तर तो आकसू नये म्हणून आत साचा आणि नंतर डायलेटर ठेवावाच लागतो. लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेत योनिमार्ग तयार केला, तरी तसेच असते. आणि ज्यांचे स्नायू भीतीने आपोआप घट्ट आवळले जातात, त्या लग्न झालेल्या मुलींमध्ये डायलेटर मार्ग रुंद करण्यासाठी नसतोच. शरीराला न घाबरायला शिकवण्यासाठी असतो. अशा मुलींना "नवरीला नखरे आहेत" असे सासरी ऐकवले जाते, हे सांगताना तिचा आवाज चढला होता, आणि तो चढायलाच हवा होता.

मार्च २०२५ मध्ये माझी दोन वर्षे पूर्ण झाली. धंतोलीतल्या डॉक्टरांनी त्या दिवशी मधल्या आकाराचा स्पेक्युलम घेतला आणि तो मी श्वास सोडेपर्यंत आत गेलासुद्धा. त्यांनी दिवा जवळ ओढून नीट पाहिले, पुन्हा पाहिले, आणि म्हणाल्या, "दिसते आहे सगळे. स्वच्छ आहे." मी कार्ड पुढे केले आणि ती खोडलेली ओळ पुन्हा लिहून द्या, असे सांगितले. त्यांनी खालच्या मोकळ्या जागेत तीच सूचना हाताने लिहिली, मराठीत, आठवड्यातून दोन वेळा, पुढील तपासणीपर्यंत, आणि खाली तारीख घातली.